आप्पांचे कान

सोलापूर, ता. १२ नोव्हेंबर २०२४

ती. नागव्वा आत्यास,
सोमेशचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तू येऊन गेलीस, घर भरल्यासारखं वाटलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि आप्पांसमोर ओरडून हे सांगवत नाही, म्हणून पत्र.

तुझ्या भावाने तुझाच कित्ता गिरवलाय. जन्म अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या खडखडाटात गेल्यावर कान जायचेच; त्यांचे सगळे जोडीदार ठार बहिरे आहेत. मी बेंबीच्या देठापासून हाका मारतो, आप्पा भिंतीकडे तोंड करून बसून राहतात. ऐकायचं मशीन आणलं, ते डबीतच पडलंय. पोट दुखतं म्हणून ताटात अर्धी भाकरी ठेवतात, अंधारातच उठून बसतात. रेश्मा म्हणते, सत्तरीनंतर असं व्हायचंच. मीही तेच म्हणत होतो. पण परवा त्यांनी आपली सायकल शेजारच्या शिवयोगीला देऊन टाकली. आता लागायची नाही म्हणाले. का कोण जाणे, तेव्हापासून मला चैन नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
सोमेश

करकंब, ता. १६ नोव्हेंबर

चि. सोमेशास,
नागव्वाचे अनेक आशीर्वाद. सूनबाईलाही.

बहिरेपणातली तुमची गुरू मीच, तेव्हा माझं ऐक. कान गेलेलं माणूस समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघतं, टीव्ही मोठा करतं आणि चारचौघं हसली की आपल्यालाच हसली म्हणून भांडतं. मी काय कमी भांडले तुमच्याशी? दादा यातलं काहीच करत नाही.

भाऊबीजेला मी ओवाळत होते, तेव्हा आत कुकरची शिट्टी झाली असणार. मला कुठली कळायला! पण दादा दचकून स्वयंपाकघराकडं बघायला लागला आणि मागोमाग रेश्मा गॅस बंद करायला पळाली. तेव्हाच मनात पाल चुकचुकली. सणाच्या दिवशी कशाला, म्हणून गप्प बसले.

त्याला ऐकू येतंय की रे. मग बोलत का नाही? त्या सायकलीला तो कुणाला हात लावू देत नव्हता. ती देऊन टाकली, हे मी दोनदा वाचलं. वहिनी गेली तेव्हाही तो असा झाला नव्हता. आधी कान दाखव आणि तिथनंच मनाचा डॉक्टर गाठ. लोक काय म्हणतील ते माझ्या अंगावर घाल. लई भीती वाटते, उद्यावर ढकलू नकोस.

जिवाला जपा, त्याच्याही आणि तुमच्याही.

तुझी आत्या,
नागव्वा

सोलापूर, ता. २१ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

हे पत्र तुमच्या गावच्या भीमाच्या टेम्पोतून पाठवतोय. टपालाची वाट बघण्याइतका धीर नाही.

कान तपासले. वयाच्या मानाने चांगलं ऐकू येतं, असं कानाचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे त्यांनी सगळं ऐकलंय, आत्या. म्हाताऱ्याला काय कळतंय म्हणून आम्ही त्यांच्यासमोर काय काय बोललो असू, ते आठवायचीही भीती वाटते.

मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे म्हातारपण नाही, आजार आहे आणि तो बरा होतो. या वयात माणूस रडेलच असं नाही. पोटदुखी, अबोला, उडालेली झोप एवढंच दिसतं, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. जीव नकोसा वाटतो का, हे मीही त्यांना सरळ विचारावं म्हणाले. विचारल्याने ते मनात भरत नाही. तरी दोन दिवस मी टाळलं. हो म्हणाले तर काय करायचं? शेवटी काल संध्याकाळी शेजारी बसलो आणि पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं. आप्पा व्हय म्हणाले. मग म्हणाले की सगळं ऐकू येतं, पण उत्तर द्यायला अंगात बळच राहत नाही. माझा हात धरला तो सोडेनात.

गोळ्या सुरू झाल्यात, गुण यायला काही आठवडे लागतील. तोवर एकटं सोडायचं नाही. मी रजा काढलीय, पण ते न्हाणीघरात गेले तरी मी दाराबाहेर उभा राहतो. तू ये.

तुझ्या आधाराचा भुकेला,
सोमेश

करकंब, ता. २१ नोव्हेंबर, दुपार

चि. सोमेशास,
आशीर्वाद.

भीमा टेम्पो वळवून उभा आहे, म्हणून चारच ओळी. उद्या सकाळच्या एसटीनं येते, चांगली महिनाभर राहीन. दादाच्या खोलीत मीच निजेन. गोळ्या तुझ्या ताब्यात ठेव. रेश्माला म्हणावं, माझ्यासाठी काही करत बसू नकोस, त्याच्यापाशी बस.

तू भ्यालास, मीही भ्यालेय. पण तू विचारलंस आणि तो व्हय म्हणाला. न्हाय म्हणून भिंतीकडं वळला असता, तर आपल्याला कळलं असतं का रे? आजची रात्र त्याच्याजवळनं उठू नकोस. त्यानं धरलेला हात तू सोडवून घेऊ नकोस.

सगळ्यांना मायेचा आशीर्वाद.

तुझी आत्या,
नागव्वा