हाळीचा सूर

श्रीरामपूर,
६ जानेवारी २०२५

चि. पंकजा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र का लिहितोय असं तू विचारशीलच. मोबाईलवर तुझं बोलणं अर्धंमुर्धं येतं. इकडे रेंजचा काही नेम राहिलेला नाही, म्हणून परवा मध्येच फोन ठेवला. तेव्हा राग नव्हता. आता आहे.

बावीस डिसेंबरला पुण्यात झालेल्या कार्यक्रमाची तुमची कंपनी रेकॉर्ड काढते आहे, आणि त्यासाठी माझ्या सहीचा कागद आला आहे. मी सही करणार नाही. माझा तो सूर काढून टाका. काढता येत नसेल तर अख्खं गाणं काढा. येबोआसाहेबांना हे नीट समजावून सांग.

दिवाळीत साहेब आपल्या अंगणात बसून म्हणाले की मास्तर, एका गाण्यात आमच्याबरोबर उभे राहा, आणि मी भुललो. घानाचा एवढा मोठा वाजवणारा, सोळा जणांचा बँड, त्यात माझी लेक क्लॅरिनेटवर. कोण भुलणार नाही? सुरुवातीचा तो आफ्रिकेचा ठेका झकास होता, आपल्या नवरदेवाच्या मिरवणुकीतल्या, परण्याच्या ठेक्याला जवळचा. पण मग जो तो आपापल्या वाटेने सुटला. कोणाचा हात कोणाशी जुळेना. मला वाटलं बँड फुटला, भर सभागृहात माझ्या पोरीची अब्रू चालली. हातून सवयीने झालं. ट्रम्पेट वर केलं आणि हाळी दिली.

हाळी ही तुझ्या आज्याने, पुंजाराम मास्तरने, रेल्वे फाटकापायी काढलेली युक्ती. वरातीत फाटक पडून अर्धा बँड अलीकडे, अर्धा पलीकडे राहिला, की मास्तरने एक लांब सूर धरायचा आणि ज्याने त्याने हातातलं टाकून त्या सुरावर यायचं. ती रस्त्यावरची गोष्ट. ती मी पुण्याच्या सभागृहात केली! चूक लक्षात आल्यावर ट्रम्पेट खाली घेतलं आणि शेवटपर्यंत स्वतःच्या बुटांकडे पाहत उभा राहिलो. नंतर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. म्हाताऱ्याची कीव केली, दुसरं काय? म्हणून तर तोंड न दाखवता त्याच संध्याकाळी एसटी धरली.

ती रेकॉर्ड उद्या इथे प्रत्येकाच्या मोबाईलवर वाजेल. श्रीरामपूरपासून कोल्हारपर्यंतचे बँडवाले मला ओळखतात. ते काय म्हणतील याचा विचार कर.

आई बरी आहे. माया पातळ करू नकोस, पण एवढं माझं ऐक.

तुझा बाबा,
भागवत

—

पुणे,
१४ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना पंकजाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. खोलीत येरझाऱ्या घालते, क्लॅरिनेट उघडते, पुन्हा पेटीत ठेवते. आज संक्रांत, तरी गोड बोलायला जमणार नाही.

बाबा, बँड फुटला नव्हता. ते ठरवलेलं होतं. त्या प्रकाराला फ्री जॅझ म्हणतात. मधे ठेका सोडून द्यायचा, चाल सोडून द्यायची, ज्याला त्या क्षणी जे सुचेल ते त्याने वाजवायचं. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मला वाटलं साहेबांनी सांगितलं, साहेबांना वाटलं मी सांगितलं. ही चूक आमची, पदरात घ्या.

पण कीव कसली? हाळी दिल्यावर जे झालं ते तुमच्या समोरच झालं की! ते ऐकूनही तुम्ही असं लिहिता, याचाच मला राग येतो. तुम्हाला आमचं वाजवणं आवडलं नसेल तर सरळ तसं म्हणा.

कंपनीने एकतीस जानेवारीपर्यंत मुदत दिली आहे. सही नसेल तर ते बावीस मिनिटांचं गाणं जाईल. तुमचा सूर सगळ्यांच्या माइकमध्ये उतरलाय, तेवढाच वेगळा काढता येत नाही. आणि ते गाणं एकदाच वाजलं, तसं पुन्हा वाजणार नाही. तुमचा बँड सोडून मी पुण्याला आले त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत तुम्ही मला ऐकायला एकदाच आलात, आणि नेमकं तेवढंच पुसून टाका म्हणता.

तिळगूळ वेगळा पाठवलाय, तो तरी परत पाठवू नका. रागावलेय, तरी तुमचीच,

पंकजा

—

श्रीरामपूर,
१९ जानेवारी २०२५

चि. पंकजास आईचा आशीर्वाद.

शेजारच्या सृष्टीकडून लिहून घेतीय. ती म्हणली शुद्ध लिहू का, म्या म्हणलं मी बोलते तसंच लिव्ह.

तुझं पत्र वाचून तुझे बाबा दोन दिस जेवले न्हाईत. तू लिव्हलंस, ‘ते ऐकूनही तुम्ही असं लिहिता’. आगं, त्यांनी ऐकलंच न्हाई. रेंज बिंज काय न्हाई, त्यांचे कान गेलेत. दोन वर्सं झाली. कुकरची शिट्टी कळत न्हाई, दारात गाडी आली तर कळत न्हाई. जन्मभर कानाशी पितळ वाजलंय, दुसरं काय हुनार?

लग्नात कसं वाजवतात ते मला ठाऊक हाय. अजिनाथच्या ढोलाच्या काठीकडं बघून वाजवतात. काठी खाली आली की ह्यांचा सूर. बोटं पाठ हायेत, म्हणून कुनाला कळलं न्हाई. तुमच्या तिथं बी हातांकडंच बघत हुते. समद्यांचे हात येगळे चालाय लागले आन् ह्यांना काय उमगंना. लई घाबरले, मला सोता सांगितलं त्यांनी.

तुला सांगू नको म्हणून शपथ घातलीय. मास्तरला ऐकू येत न्हाई म्हणलं की लग्नाची सुपारी कोन देनार, म्हणतात. शपथ मोडली, आता माझं काय व्हायचं ते होऊ दे. तू मातर रागानं लिहू नको. पत्र फाडून टाक, माया ठेव.

तुझी आई,
मालनबाई

—

पुणे,
२२ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

आईला काही बोलू नका. तिने सांगितलं नसतं तर मी आयुष्यभर तुमच्यावर उगाच रुसून बसले असते. तुमच्या शेजारी उभी होते मी, आणि मला कळलं नाही. याची मला फार लाज वाटते.

हाळीनंतर काय झालं ते तुम्ही ऐकलंच नाही, हे आता समजलं. ते मी लिहून सांगणार नाही. सोबत पेन ड्राइव्ह आहे, त्यात ते गाणं आहे. नगरला कानाच्या डॉक्टरांकडे सोमवारची वेळ घेतली आहे. केडगावच्या कडूबाई आत्या तुमच्याबरोबर येतील, आणि त्यांच्यापुढे तुमचं काही चालत नाही हे मला माहीत आहे. आधी कानाला मशीन लावा, मग ऐका, मग सही करायची की नाही ते ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर मी स्वतः गाणं काढून टाकायला सांगेन. पुन्हा एक शब्द बोलणार नाही.

साहेब रोज विचारतात. त्यांच्या गावीही मयताच्या मिरवणुकीत माणसं गल्लीबोळांत पांगली की कोणीतरी जुना माणूस असाच सूर धरतो, म्हणाले. ते हे सांगताना रडले.

वाट पाहतेय. पायाला स्वस्थता नाही.

पंकजा

—

श्रीरामपूर,
२९ जानेवारी २०२५

चि. पंकजा हिस बाबांचे आशीर्वाद.

नगरला जाऊन आलो. कडूबाईने एसटीत सगळ्यांना सांगितलं की माझा भाऊ बहिरा आहे, त्यामुळे आता लपवायचं काही राहिलं नाही. मशीन बसवलं. पहिला दिवस ताट-वाट्यांच्या आवाजाने डोकं उठलं. तुझी आई इतकं बोलते हे मी विसरलो होतो. अजिनाथला बोलावून खरं सांगितलं. तर म्हणाला, मास्तर, मला ठाऊक होतं, म्हणून तर दोन वर्षं काठी उंच उचलतोय.

काल दुपारी सृष्टीच्या स्पीकरवर गाणं लावलं. मधला गोंगाट मला अजून पटलेला नाही, ते खोटं सांगणार नाही. मग माझी हाळी आली, जरा चढीच लागली आहे. मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता पुढे नुसतं हसं ऐकावं लागणार.

आधी तो मोठा सॅक्सोफोन आला. त्याने आपलं सगळं टाकलं आणि माझ्या सुरावर येऊन उभा राहिला. मग दोन ट्रम्पेट. मग साहेबांचा ढोल, फाटक उघडल्यावर पलीकडून येतो तसा. मी बोटांवर मोजत होतो. पंधरा झाले. पोरी, मी बुटांकडे पाहत उभा होतो आणि पंधरा माणसं माझ्याकडे येत होती. मला खूप रडू आलं. तुझी आई घाबरली, मशीन टोचतंय का विचारू लागली.

सहीचा कागद सोबत आहे. साहेबांना माझा नमस्कार सांग. आमचं घर तुमचंच आहे, येत राहा.

तुझा बाबा,
भागवत

ता. क. सोळावी तू. सगळ्यांत उशिरा आलीस, आणि आलीस तेव्हा तुझा सूर थरथरत होता. रडत होतीस ना? नाही म्हणू नकोस. आता मला ऐकू येतं.