कुटुंब वारलं

बाबा,

शाळेत माझं नाव घालायला तुम्ही मला घेऊन गेलात, ती सकाळ आठवते का? तुम्ही चिक्कीच्या भट्टीवरून तसेच आलेले, शर्टाला गुळाचा वास. माझ्या वेण्याही तुम्हीच घातलेल्या, एक वर, एक खाली. टेबलापलीकडे सिस्टर बसल्या होत्या. त्या केरळच्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या. "घरी कोण कोण?" त्यांनी विचारलं. तुम्ही टोपी हातात घेतलीत. "आमचं कुटुंब वारलं, शिष्टर. आता ही येकच हाय." तुमच्या बोलण्यात कुटुंब म्हणजे बायको, माझी आई. सिस्टरांना वाटलं, सगळं घरच गेलं. त्यांनी उठून मला जवळ घेतलं आणि तुम्हाला विचारलं, "मग तुम्ही कोण?" "मी? मी हिचा बाप." पुढे वर्षभर मधल्या सुट्टीत त्या मला लोणी लावलेला पाव देत होत्या, आणि आपण दोघं घरी ती गोष्ट सांगून हसत होतो.

तोच शब्द आता पुन्हा माझ्या वाट्याला आलाय आणि हसू येत नाही. आपल्या घरामागचा डोंगर सुटायला लागलाय, दरडी खाली येतात. आपली सगळी ओळ हलवायची आहे. पलीकडे नवी इमारत उभी राहिली, दर कुटुंबाला एक घर. यादीत माझं नाव नाही. यादी करणारी कचेरी म्हणते, एकटी अविवाहित बाई कुटुंबात बसत नाही, पण नियम घरं बांधणाऱ्या कचेरीचा. ती कचेरी म्हणते, आम्ही नुसतं बांधतो, यादी त्यांची. ओळीच्या टोकाला शिंपी राहतात, तेही एकटेच. त्यांना घर मिळालं. मी विचारलं, हे कसं? कचेरीच्या खिडकीतला माणूस समजुतीनं म्हणाला, "त्यांची मिसेस होती ना, मॅडम." म्हणजे त्यांचं कुटुंब वारलं तरी ते कुटुंबच, आणि मी जन्मभर त्याच घरात राहून कुणीच नाही. मी घरी येऊन यावर खूप विचार केला. मला अजून कळलेलं नाही.

शेजारी मावशी आहेत, भाजी विकतात. त्या म्हणाल्या, "बाई, माजा नातू घ्या उसना. कुटुंब दाखवा, घर घ्या, मंग द्या परत. लय खातो, तेवडं बगा." मी नातू घेतला नाही, दोन्ही कचेऱ्यांविरुद्ध तक्रार केली. वकील केला नाही. आपल्या घराची गोष्ट मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकवली नसती.

सुनावणी पुण्याला होती. आत दोन बाजूंना दोन पाट्या, अर्जदार आणि गैरअर्जदार. माझं इंग्रजी शाळेतलं मराठी तुम्हाला माहीत आहे. गैरवर्तन, गैरसमज, तसा गैरअर्जदार, म्हणजे ज्यानं अर्ज करायला नको होता तो. इतके दिवस अपात्र, अपात्र ऐकलेलं, मी मुकाट्यानं तिकडे जाऊन बसले. दोन्ही कचेऱ्यांची माणसं तिथेच. एकानं बॅग सरकवून जागा दिली, पाण्याची बाटलीही पुढे केली. मग हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठल्या खात्याच्या?" मी म्हटलं, "मी तुमच्या विरुद्ध आहे." तेवढ्यात सुनावणी घेणारे साहेब आले आणि मी शाळेतल्यासारखी उभी राहून, सूर लावून "गुड मॉर्निंग, सर" म्हणाले. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "अर्जदार त्या बाजूला," एवढंच म्हणाले.

निकाल आलाय. दोन्ही कचेऱ्यांनी एकत्र बसून माझ्याबाबत नव्यानं विचार करावा, असा. बाटलीवाला माणूस बाहेर भेटला, म्हणाला, "जिंकलात, मॅडम." त्याच्याबरोबरचा म्हणाला, "पुन्हा अर्ज करा." मावशी विचारतात, "म्हंजी घर गावलं का न्हाई?" मी निकाल परत परत वाचते. इंग्रजीत असता तरी मला कळला असता असं वाटत नाही. दोन्ही कचेऱ्या बसतील तेव्हा बसतील, पण पावसाच्या आधी हे घर मात्र रिकामं करायचंच आहे. त्यावर दोघींचं एकमत आहे.

तर मी आवराआवर करते आहे. एक तुम्हाला सांगायचं राहिलं. साहेबांनी विचारलं होतं, "तुमचं कुटुंब किती जणांचं?" मी घरून पाठ करून गेले होते, एका माणसाचं. तोंडातून आलं, "दोघांचं, सर. मी आणि बाबा." त्यांनी तसंच लिहून घेतलं. मी दुरुस्त केलं नाही. बाबा कुठे असतात, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

चिक्की लाटायचं तुमचं लाटणं मावशींना. नातवाला धाक दाखवायला उपयोगी पडेल म्हणतात. आईचं शिवणयंत्र शिंप्यांना. ते भले आहेत, त्यांना घर मिळालं यात त्यांचा काय दोष. दारातली जास्वंद ज्याला हवी त्यानं न्यावी. तुमची टोपी कुणालाच नाही. हे पत्र तिच्यातच ठेवते. मी जिथे जाईन तिथे ती माझ्याबरोबर येईल. कुणी मोजायला आलं, तर दोघं भरायला हवेत.