पॉलिसी चार महिने बंद ठेवा म्हटलं तर

ती. सरोजिनीताईस,
वसूचा इंदूरहून नमस्कार. आम्ही बरे आहोत, आधी हे वाच. आईचा गुडघा कसा आहे?

यांचा कारखाना दिवाळीपर्यंत बंद आहे. म्हणून मी विम्याच्या जयेशला म्हटलं, भिया, यांची आजारपणाची पॉलिसी तेवढे महिने बंद ठेव, काम लागलं की चालू कर. माझ्याकडे डबा लावलेली पोरं गावी गेली की मी डबा बंद ठेवते, पैसे घेत नाही.

हसला मेला. म्हणे, "आंटीजी, ये टिफिन नहीं है. हप्ता चुकला तर पॉलिसी गेली. नवीन घेतली तर जुन्या आजाराला तीन वर्षं काही मिळणार नाही."

म्हटलं, इतकी वर्षं भरलं, तुमच्याकडून एक गोळी घेतली नाही, ते काय पाण्यात गेलं? तर म्हणे, "अच्छा है ना, बीमार नहीं पड़े." त्याला चहासुद्धा विचारला नाही मी.

तरी हप्ता भरला. हे चिडले, कशाला भरलास म्हणून. हल्ली जिना चढताना मध्येच खाली बसतात, विचारलं तर चप्पल नीट करतोय म्हणतात.

आईला पत्र वाचून दाखवशील तेव्हा एवढं सोडून दे.

तुझी,
वसू