पाळणाघराची जागा

ताई,

आज 'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

नगरपालिकेच्या सभेत आम्ही शिलाई कारखान्यातल्या बायका मागच्या बाकांवर बसलो होतो. पाळणाघरासाठी राखलेल्या जागेचा विषय निघाला. नगरसेविका माझी सख्खी बहीण, म्हणून मी निर्धास्त. तू उठलीस आणि हसत म्हणालीस, "मुलं सांभाळायला घरी आज्या असतात की! त्या जागेवर वाहनतळ करा."

आपल्याला कुठली आजी होती गं? आई कामावर जाताना बाहेरून कडी घालायची. मी रडून रडून ओकायचे आणि तू, स्वतःच एवढीशी, ते फ्रॉकने पुसायचीस. भर सभेत उभं राहून मी हेच विचारलं, तर तू शिपायाला म्हणालीस, "या बाईंना बाहेर काढा."

माझ्या शेजारच्या मशीनवरची बाई लेकीला खाटेला बांधून कामावर येते. पोरीच्या पायावर वळ उठलेत. त्या पोरीला कुठल्या आजीकडे पाठवू?

उद्या सकाळी आम्ही सगळ्याजणी मुलं तुझ्या कार्यालयात सोडून कामावर जाणार आहोत. म्हणून हे पत्र आज तुझ्या घरी टाकत नाही. आधी कळलं, तर तू दौऱ्यावर निघून जाशील.

तुझी,
धाकटी