पाच इंच खाली

प्रिय मारेन,

तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे. रविवारी ती काठीशिवाय चर्चच्या पायऱ्या चढली. मका माणसाच्या डोक्यापर्यंत उंच झालाय. हे सगळं तिने तुला फोनवर सांगितलंच असेल. तुझा फोन आला की मी कोठारात निघून जातो, हे मात्र बहुधा सांगितलं नसेल.

आपल्या गाडीला अजून रंग दिलेला नाही. तू चौदा वर्षांची असताना बर्गस्ट्रॉमच्या शेताच्या कडेवरून ती एकोणीसशे एकतीसची फोर्ड आपण ट्रॅक्टरने ओढून आणली, तेव्हा तिच्यात कोंबड्या नांदत होत्या. आई मला म्हणाली होती, "लाइल, या गाडीपेक्षा या कोंबड्याच जास्त पळतील." तेव्हापासून दर हिवाळ्यात आपण दोघं तिच्यात डोकं घालून बसलो. तयार नवा भाग लावायचा नाही आणि सांधे पुट्टीने नव्हे, शिसं वितळवूनच भरायचे, हा नेम तुझाच जास्त कडक. गाडी बसकी, झोकदार दिसावी म्हणून छत कापून खाली आणायचं, तर त्याआधी आतून पाईपचे टेकू वेल्ड करावे लागतात, नाहीतर सांगाडा फाकतो आणि दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत. हे मी तुला एकदा शिकवलं. पुढे मी विसरलो की तू मला शिकवायचीस.

नोकरीसाठी ओमाहाला जाण्याआधी तू सीटवर बसून, कुठे कापायचं त्याची खूण म्हणून छताच्या खांबांवर चिकटपट्टी लावलीस. छत तीन इंच खाली आणायचं ठरलं. "बाबा, याच्याखाली गेलास तर मला मान काढून मांडीवर ठेवावी लागेल," असं म्हणालीस आणि माझ्याकडून कबूल करून घेतलंस.

एप्रिलमध्ये वेंडेल क्राउस आणि दर शनिवारी गाडी बघायला जमणारी मंडळी आली. वेंडेलने ती पट्टी पाहिली. "तीन इंच? आजीबाईंना टोपीसकट चर्चला न्यायचंय की काय रे?" सगळे खिदळले. मीही हसलो. ते गेल्यावर मी पट्टी उचलून पाच इंचांवर लावली आणि कटर चालवला. छत खाली बसलं तेव्हा गाडी अशी देखणी दिसली की मी अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन तिला बघत राहिलो. त्या वेळी तुझा विचार मनात आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आला होता. मी मनाशी म्हटलं, वाकेल थोडी.

मेअखेरच्या सुट्टीत तू आलीस आणि त्याच मंडळींसमोर गाडीत शिरलीस. तुझं डोकं छताला लागलं, मान खांद्यावर कलली. तू एवढंच म्हणालीस, "बाबा, हे तीन नाहीत." सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा खरं बोलायला दोन शब्द पुरले असते. मी म्हणालो, "आमच्या टाकीला बसवायचं तर छताला भोकच पाडावं लागेल!"

टाकी. तुझ्या उंचीमुळे पोरं तुला शाळेत गावच्या पाण्याच्या टाकीवरून चिडवायची. तिसरीत असताना एकदा माझ्या छातीत तोंड खुपसून तू रडली होतीस, आणि मी म्हटलं होतं की देवाने तुला मोजूनमापूनच घडवलंय. कुठे दुखतं हे मला ठाऊक होतं, मारेन. जगात ते तुझ्या आईला आणि मलाच ठाऊक होतं. मंडळी हसली. तूही हसलीस. मग अंग चोरत बाहेर आलीस आणि हाताला काहीच लागलेलं नसताना फडक्याने हात पुसत राहिलीस. सकाळी, कामाचं निमित्त सांगून, नाश्त्याआधीच गेलीस.

त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजनाचं तबक माझ्यापुढे आलं, पण कुणाचं मन दुखावलेलं असताना ती भाकर घेऊ नये, म्हणून ते मी तसंच पुढे सरकवलं. घरी येताना आई म्हणाली, "देवाशी कसलं भांडण आहे तुझं? ओमाहाला जा ना." पण रिकाम्या हातांनी येऊन तुझ्या दारात काय बोलणार होतो मी?

शेवटी या मंगळवारी मी छत पुन्हा कापलं. वेंडेल बघतच राहिला. "वेडा झालास? खाली आणलेलं छत कुणी परत वर नेतं का? गाड्यांच्या जत्रेत लोक पोट धरून हसतील."

"हसू देत. त्या दिवशी तूही हसलास, वेंडेल."

तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी आपला वेल्डिंगचा मुखवटा काखोटीला मारून आला आणि म्हणाला, "पोरगी केव्हा येतेय?" ते तूच सांगू शकतेस. म्हणून हे लिहितोय. छत तुळईला साखळीने टांगलेलं आहे, खालचे खांब उघडे आहेत. मधे नवे तुकडे घालावे लागतील, सांधे दिसतील. ते मी झाकणार नाही. किती उंच न्यायचं ते मात्र मी ठरवणार नाही. तू ये, सीटवर बस आणि सांग. तू पुरे म्हणेपर्यंत मी साखळी ओढत राहीन. आणि यायचं नसेल तर तसंही कळव, मी समजेन. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुझी माफी मागायला हवी होती. ते धैर्य झालं नाही. तू आलीस तर त्या मंडळींनाही बोलावीन, आणि तेव्हा मागेन.

तुला कमी मापणारा, तरी तुझाच,
बाबा