पाइपावरचं कुंकू

अहो,

तुमची मोटारसायकल घेऊन आपली मनी आज पहिल्यांदा एकटी भेस्तानच्या मिलवर गेलीय. मिल कधीच सुटली, ती अजून घरी नाही. भाकऱ्या झाल्या, भाजी झाली, धुतलेली भांडी पुन्हा धुऊन झाली. आता दारात जाऊन उभं राहायचं नाहीतर तुम्हाला लिहायचं, एवढंच उरलंय. दारात उभी राहिले की समोरची कोकिळाबेन विचारते, "शुं थयुं, बेन?" म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्ही निदान काही विचारत तरी नाही.

भीती वाटतेय हो. तुम्ही होतात तेव्हा मी घाबरले की तुमच्यावर ओरडायचे, आणि निम्मी भीती तिथेच संपायची. आता ओरडू कुणावर? शाळेत अख्खा वर्ग नजरेने गप्प करते मी, आणि घरी ह्या कागदावर अक्षर सरळ येत नाहीये.

सगळं सांगते, म्हणजे मला कुणाचा राग आलाय ते तुम्हाला कळेल.

तुम्ही गेल्यापासून ती गाडी ओट्यावर कापडाखाली उभी होती. तुमच्या मिलच्या शेठने टाकून दिलेली, तुम्ही उचलून आणलेली, माझ्या लग्नाहून जुनी आणि माझ्याहून लाडकी. मनीला मिलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. रोज रिक्षात कुणाच्या तरी मांडीवर बसून जायचं, त्यापेक्षा पप्पांची गाडी काढते, म्हणाली. मी म्हटलं, तिच्या पुढच्या चाकाच्या फोर्कमधून हयातभर तेल गळतंय, खाली डबा ठेवायचे तुझे पप्पा. तर म्हणते, "मग खोलू ने मम्मी, त्यात काय?"

त्यात काय! हे वाक्य कुणाचं, सांगायला हवं?

रविवारी रफीक मिस्त्री आले. आले म्हणजे खुर्चीवर बसले. पाने मनीने चालवले, हुकूम त्यांनी सोडले आणि चहा मी करत राहिले. पुढचं चाक निघालं, वरचे नट सुटले. फोर्कच्या दोन नळ्या, त्यांना म्हणे पाय म्हणतात; उजव्या पायातून लांबलचक स्प्रिंग आली. डाव्यातून आली अर्धीच. आणि तिच्या मागोमाग काय आलं? लूमची लाकडी कांडी! जिच्यावर सूत गुंडाळतात ती. तेलाने काळी पडलेली, उभी चिरलेली.

रफीकभाईंच्या नाकात चहा गेला. "भाभी, साहब ने तो इसमें लूम बिठा दिया!"

मनी हसून हसून ओट्यावर बसली. मी नाही हसले.

अहो, कांडी? तुम्ही लूमचे जॉबर, बंद पडलेला लूम हाताशी असेल ते ठोकून चालू करायचात, शेठ कौतुक करायचा, सगळं खरं. पण मी काय लूम होते? तुटलेल्या स्प्रिंगची जागा भरायला लाकूड घातलंत आणि वर सगळा संसार बसवलात! पुढे टाकीवर मनी, मागे मी, माझ्या मांडीवर पापडांचा डबा, आणि असे आपण नवापूरपर्यंत जायचो. मी म्हणायचे, पुढून काहीतरी कट्कन वाजलं. तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "काही नही व्हस व. बठ!"

काही नही व्हस? काही होत नाही म्हणे! त्या प्रत्येक उताराची भीती मला त्या रविवारी वाटली, इतक्या वर्षांची एकदम. तुम्हाला ठाऊक होतं का हो? की बसवलीत आणि विसरलात? विसरला असाल तर मी जेवणात मीठ विसरले होते तेव्हाचं ते तुमचं व्याख्यान आधी परत घ्या.

मग काय, नव्या स्प्रिंगा आल्या. फोर्कचे पाइप सरळ आहेत की नाही ते बघायला मनीने ते माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर लाटण्यासारखे लोटले. एक डुगडुगला, तो बदलला. दोन्ही पायांत सारखं तेल पडायला हवं म्हणून माझं दुधाचं मापटं गेलं, ते गेलंच. आणि दोन्हीकडे नवी ऑइल सीलं बसली. सील म्हणजे रबराची कडी. पाइप तिच्यातून वरखाली होतो, आणि तिने आतलं तेल बाहेर जाऊ द्यायचं नाही, बाहेरची धूळ आत येऊ द्यायची नाही. थोडक्यात, तुमच्या आईचं काम. रफीकभाईंनी बजावलं, "इसका होंठ बहुत नाज़ुक है. एक कण भी गया तो चीर देगा."

तेव्हा मी अट घातली. एक थेंब तेल जरी बाहेर दिसलं, तरी गाडी विकायची. पुन्हा बोलायचं नाही.

"मंजूर," मनी म्हणाली. "शरत म्हणजे शरत."

खरं सांगू? थेंब दिसावा, असंच माझ्या मनात होतं. रोज सकाळी तिच्याआधी उठून मी पाइप बघायचे. कोरडे ठणठणीत! मला शेजाऱ्याच्या पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखं वाटायचं.

आणि आज सकाळी काय केलं माहितीये? ती एकटी निघणार म्हणून मी हळदकुंकवाचं ताट घेऊन गेले. मोटारसायकलला कुंकू लावायचं कुठे? दिव्याच्या काचेवर लावलं तर रात्री रस्ता दिसणार कसा? टाकीचा रंग आधीच लाल. ते चकचकीत पाइप दिसले, बिनकुंकवाच्या कपाळासारखे रिकामे. लावलं! दोन्हीकडे, भरपूर, वर अक्षता चिकटवून.

"मम्मी! तिथे नको! सील आहे!"

तोवर झालं होतं. तिने फडक्याने पुसलं, फुंकलं, पुन्हा पुसलं. मग बसली, तिच्या वजनाने गाडी पुढून दबली, पाइप आत गेला आणि वर आला. रबराच्या कडेशी एक बारीक लाल रेघ राहिली होती. ती मला दिसली. तिलाही दिसली. उशीर झाला होता, तिने किक मारली आणि गेली.

दिवसभर मी वर्गात फळ्यावर तीच रेघ बघत होते. त्या कणाने सील चिरलं आणि तेल ओघळून पुढच्या ब्रेकात गेलं तर? उधन्याच्या रस्त्यावर कोऱ्या ग्रे कापडाचे टेम्पो कसे घुसतात ते तुम्हीच सांगायचात ना? तुमच्या चिरक्या कांडीने जिचं काही वाकडं केलं नाही, त्या पोरीला माझ्या कुंकवाने... नाही, हे वाक्य मी पुरं करणार नाही.

थांबा. गाडी वाजली.

आली हो! धड आली. उशीर का, तर मिलच्या गेटवर वॉचमनने गाडी बघायला थांबवलं, मग सुटलेली अख्खी पाळी जमली आणि जो तो हॅन्डल दाबून बघत होता. "पप्पांची गाडी फेमस थई गई, मम्मी!" मी इथे मरत होते आणि तिकडे प्रदर्शन भरलं होतं.

मी वाकायच्या आधी तीच वाकली. डाव्या पाइपावर ओलं चमकत होतं, आणि खाली एक थेंब. लालसर. कुणामुळे ते सांगायला मिस्त्री लागत नव्हता.

तुझ्या कुंकवाने झालं, एवढंसुद्धा ती म्हणाली नाही. किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. "थेंब आलाय. शरत म्हणजे शरत."

मी खाली बसले आणि पदराने तो थेंब पुसला.

"कुठाय?"

"मम्मी, तू आत्ता पुसलंस!"

"मला तर काही दिसत नाही. रविवारी मिस्त्रींना बोलाव, सील बदल. आणि हात धू, भाकरी गार झाली."

ती बघत राहिली आणि मग रडली. मी रडले नाही. एवढा वेळ घाबरून दमले होते, अंगात त्राणच नव्हतं.

भीती गेली असं मात्र समजू नका. उद्या ती पुन्हा जाणार आणि मी पुन्हा भांडी घासत बसणार. पण वचन देते. तिच्या गाडीत ह्यापुढे मी माझं काहीही घालणार नाही. कुंकू नाही, अक्षता नाही, भीतीही नाही. जेवढी भीती वाटेल तेवढी तुम्हाला लिहीन. आता वाचायला पुष्कळ वेळ आहे तुम्हाला, आणि मान वळवून ऐकावंच लागेल.

पदराला तेलाचा डाग पडलेली,
तुमची
सुमन