नानांच्या टाकीचं पाणी

८ जानेवारी २००१, सोमवार

आणखी एक मेला. आठवड्यात तिसरा. जाळीने काढला, पदराआड धरून मोरीकडे नेला — तरी नानांना कळलंच. डोळे भरून आले त्यांचे.

ऑगस्टमध्ये सासऱ्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून तोंडून शब्द नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचे. ह्यांनी दिवाळीत पलंगासमोर माशांची टाकी ठेवली, तेव्हा कुठे तोंड वळलं. आता तीच अशी.

९ जानेवारी

भद्रकालीत मुझफ्फरभाईंच्या दुकानात गेले. ही टाकी त्यांच्याकडचीच. बाटलीतून नेलेल्या पाण्यात त्यांनी औषधाचे तीन थेंब टाकले. गर्द निळं झालं.

"भाभी, पीएच चढलाय, पाणी क्षारी झालंय. हिरवं दिसायला पाहिजे. बोअरचं पाणी टाकता का?"

बोअरचंच टाकतो. नळाचं दोन दिवस बादलीत ठेवा, मग रोज थोडंच बदला म्हणाले. "एकदम बदललं तर मासा झटक्यानेच मरतो." औषध आणि रंगांचा कागद घेऊन आले.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. सकाळी हिरवं, संध्याकाळी हिरवं! हे घरी होते. नानांना तीळगूळ भरवला. त्यांचं लक्ष माशांकडेच. जरा हसल्यासारखे वाटले.

१५ जानेवारी

बालवाडीत शिकवून एक वाजता आले. निळं.

१७ जानेवारी

मुझफ्फरभाई म्हणाले, तळातले दगड बघा. लिंबू पिळून पाहिलं, पांढऱ्या दगडांवर बारीक फेस आला. म्हणजे चुनखडीच, पाणी क्षारी करणारी. सगळे काढले. हात कोपरापर्यंत गार पडले. सापडलं एकदाचं कारण, असं वाटलं. नानांना सांगितलं सुद्धा — आता नाही मरायचे हो.

१८ जानेवारी

निळं. वर पाणी जरा गढूळ. काळा मासा मेला. नानांना तोच आवडायचा.

नळाचंच पाणी, दगड नाहीत, खाणं चिमूटभर. मग चढतो कशाने? कागद समोर धरून बसले होते नुसती.

१९ जानेवारी

मी नसताना शेजारच्या गोजराबाई दहाला येऊन नानांना चहा पाजतात. आज त्यांना विचारलं, पाण्यात चुकून काही पडलं का?

"मी कशाला हात लावू बाई? मला त्या माशांचं भ्याच वाटतं." जाताना म्हणाल्या, "सहा महिने चहा पाजतेय, असं विचारशील वाटलं नव्हतं."

काय करून बसले मी.

२१ जानेवारी, रविवार

आज हिरवं आहे. आता त्याचा आनंदही होत नाही.

हे म्हणाले, पुढच्या रविवारी टाकी परत देऊन येतो. "एकेक मरताना बघून नाना खचतायत. तू पण."

"मग दिवसभर त्यांनी बघायचं काय?"

हे उठून बाहेर जाऊन उभे राहिले. डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात सांगितलंय, उठून बसले तरी पुष्कळ समजा. व्यायामाला हात लावला की नाना अंग आखडून घेतात. त्यावर तरी आम्ही काय करणार?

२३ जानेवारी

दोनच उरले. हरले मी.

२५ जानेवारी, गुरुवार

बालवाडीत उद्याच्या झेंडावंदनाची तयारी झाली, लवकर सोडलं. साडेदहाला घरी. दार ढकललं, पलंग रिकामा.

नाना टाकीपाशी उभे होते. उजवा खांदा भिंतीला टेकलेला, डाव्या मुठीतून पांढरं पाण्यात सुटत होतं. चुना. घराला रंग दिला त्यातला उरलेला, मागच्या गॅलरीत पडला होता. गावी वणीला पाणी बिघडलं की नानाच विहिरीत चुना टाकायचे.

पलंगापासून गॅलरी चौदा पावलं आहे.

गोजराबाईंच्या घरून ह्यांना सातपूरला कंपनीत फोन लावला. माझा आवाज ऐकून म्हणाले, "आता कोणता मेला?"

"नाना चालतात," म्हटलं.